ओटी कुणाची, गाठ कुणाची

मी, श्रीमती द्वारकाबाई भालचंद्र चुरी, वय पंच्याहत्तरच्या पुढे (नक्की आकडा सांगणारी माणसं गेली), राहणार आगाशी, तालुका वसई, जिल्हा ठाणे, हे मृत्युपत्र आपल्या राजीखुशीने सांगून लिहवून घेत आहे. डोकं ठिकाणावर आहे. कान तर गरजेपेक्षा जास्त चांगले आहेत, ते पुढे कळेल. मला अक्षर येत नाही, म्हणून शेजारीण हिल्डा आलोशियस लोपीस, निवृत्त शिक्षिका, लिहीत आहे. तिला या कागदातून काही मिळायचं नाही, म्हणून तीच योग्य. मी बोलेन तसं लिहायचं, आपली शाळा मध्ये आणायची नाही, असं ठरलं आहे.

या कागदात अडलेली गोष्ट एकच, घराची पुढची ओटी. मुलगा चंद्रहास याला ती पाडून रस्त्याकडेला गाळे काढायचे आहेत. त्याची मुलगी, माझी नात संपदा, कॉलेजात इंग्रजी शिकवते. तिला ओटी वर्गासाठी हवी आहे.

"मग ओटीचंच आधी लिहू," हिल्डा म्हणाली. "संपदा पोरांना तेच सांगते. मुद्दा पहिल्या ओळीत."

"मेल्यावर वाचायचा कागद, घाई कुणाला आहे? लिही, कलम एक."

कलम १. पाटल्या सून सुनंदा हिला. तिने तोंडाने कधी मागितल्या नाहीत, नुसती माझ्या मनगटाकडे बघत राहिली. मनगट जाणारच आहे, पाटल्या तरी तिच्या होऊ देत.

कलम २. पोस्टातले पैसे चंद्रहासचे. त्यातून माझ्या दिवसांचं जेवण घालावं. श्रीखंड नको. ते हिल्डाला आवडतं आणि या घरात दर वेळी तिला आवडतं तेच होतं.

कलम ३. मागची मोगऱ्याची झाडं, फुलांची टोपली आणि वेणी बांधायचे केळीच्या सोपटाचे दोरे संपदाला. तिला वेणी करता येत नाही. पण लहानपणी माझ्या मांडीला टेकून ती मला दोरे भिजवून द्यायची आणि देवळापुढे विकायला बसले की शेजारी बसायची. तेव्हा तिची संध्याकाळ माझी होती.

कलम ४. आता तिची संध्याकाळ परक्यांची आहे, ती तक्रार. बुधवारी आणि रविवारी ओटीवर युनिव्हर्सिटीची पोरं बसतात. नालासोपाऱ्याची, अर्नाळ्याची, एक चांदीपहून येतो. सगळी मराठी शाळेतली, आणि आता त्यांना इंग्रजीत शोधनिबंध लिहायचा आहे. संपदा त्यांच्यापुढे घसा कोरडा करते. कुणी आधी थोरामोठ्यांची स्तुती करतं आणि मुद्द्यावर शेवटच्या पानात येतं. यात मी पोरांच्या बाजूची आहे. आल्याआल्या कामाचं बोलतो तो वसुलीवाला, पाहुणा नव्हे. कुणी गाईडातला उतारा जसाच्या तसा उतरवतं आणि तोच उतारा शेजारच्याच्या कागदावरही निघतो. संपदा विचारते, "हे कुणाचं?" दोघं एकमेकांकडे बोट दाखवतात.

पण माझा जीव जळतो तो हार्दिकपायी. चांदीपचा तो हाच. संपदा म्हणाली, "पुस्तकात काय आहे ते लिहिलंस. तुला काय वाटतं ते कुठे आहे?" तो म्हणाला, "मॅडम, मला वाटतं असं कसं लिहू? मी कोण?" संपदा म्हणाली, "तूच. सांग, तुला काय वाटतं?" तो वहीची पानं चाळायला लागला. मग ती थांबली. खडू खाली ठेवून, त्याच्या तोंडाकडे बघत थांबली.

मला ती काय विचारते? "आजी, गोळी घेतली?" आणि उत्तर यायच्या आत चप्पल घालते. हे घर मी सून म्हणून बघितलं, विधवा म्हणून बघितलं, तुला काय वाटतं असं विचारून कुणी थांबलं नाही. आणि त्या हार्दिकला काही वाटतच नाही, तरी ती वाट बघत बसते.

"द्वारके, हे मृत्युपत्रात कसं लिहू?"

"लिही. मला काय वाटतं ते लिहायला हीच एक जागा मिळाली आहे."

कलम ५. खरा घाव पुढेच आहे आणि तो हिल्डामुळे बसला, तरी तिनेच लिहावा. मागच्या रविवारी मी आत लसूण सोलत होते. ओटीवर संपदा सांगत होती की दुसऱ्याचं घेणं ही चोरी नाही, कुणाचं घेतलं ते लपवणं ही चोरी. मग म्हणाली, "आमच्या शेजारच्या हिल्डा टीचर म्हणतात, फुलं कुणाच्याही वाडीतून आणा, वाडीचं नाव सांगा, गाठ मात्र आपली हवी." ग्रेसी नावाची मुलगी म्हणाली, "वा मॅडम, काय मस्त बोलतात टीचर!"

लसणाची पाकळी माझ्या हातात तशीच राहिली. ते बोलणं माझं आहे. हिल्डाने उभ्या जन्मात एक वेणी केली नाही; ईस्टरला केसांत माळते तीही माझ्या टोपलीतली. तिच्याकडे कपाटभर पुस्तकं आहेत, माझ्याकडे ते एक बोलणं होतं. तेही माझ्याच नातीने शेजारणीच्या नावावर करून टाकलं. म्हणून ओटी चंद्रहासला लिहून द्यायची, असं ठरवूनच मी आज बसले.

इथे हिल्डाने पेन खाली ठेवलं. पुढचं बोलणंही मी लिहायला लावलं आहे.

"तुझ्याकडूनच ऐकलं होतं, नाही कोण म्हणतंय? संपदाने माझ्याकडून ऐकलं, तिने माझं नाव घेतलं. त्या पोरीचं काय चुकलं?"

"चुकलं नाही. झोंबलं."

"बरं. आणि तू कुणाकडून ऐकलंस?"

"मी कशाला कुणाकडून ऐकू?"

"लग्न होऊन मी शेजारी आले तेव्हा या ओटीवर तुझी सासू बसायची. कान मलाही आहेत गं."

मी पाणी मागितलं. हिल्डाने आणून दिलं, पण पेन उचललं नाही.

कलम ६. तर लिही. माझी सासू गोदावरी हरी चुरी, हिच्याबद्दल मी कधी चांगलं बोलले नाही आणि आजही बोलणार नाही. मी केलेली वेणी ती गिऱ्हाइकासमोर उलगडायची आणि पुन्हा करायला लावायची. पण तिचा एक दंडक होता. शेजाऱ्याची फुलं टोपलीत असली की देवळापुढे मोठ्याने सांगायची, "ही आमची नाय, परेरांच्या वाडीची!" मी लाजेने मान खाली घालायची. "फुलं कोनाचीबी आन, पन वाडी सांग," हे बोलणं तिचं. ती गेल्यावर मी ते गावभर वापरलं, तिच्या नावाशिवाय. "गाठ आपली हवी" एवढंच माझं. तिने माझ्या जेवढ्या गाठी सोडल्या, त्यांतून ते आलं.

संपदाने जिच्याकडून ऐकलं तिचं नाव चारचौघांत घेतलं. मला ते जमलं नव्हतं. म्हणून ओटी संपदाला. ती शिकवते तोवर चंद्रहासने तिथे गाळा काढायचा नाही, खिळासुद्धा ठोकायचा नाही. चिडलास तर चीड, बाळा. माझं ऐकायला तुला आता वेळच वेळ आहे.

संपदाला अट एवढीच. वर्गात सांगताना म्हणावं, फुलं गोदावरीबाईंची, गाठ द्वारकाबाईची, आणून दिली हिल्डा टीचरने. याच क्रमाने, हिल्डा शेवटी. आणि हार्दिकच्या आधी एकदा मला, तुला काय वाटतं, असं विचारून थांबावं. ते मेल्यावर जमायचं नाही, म्हणून एवढं कलम तिला आजच वाचून दाखवायची हिल्डाला मुभा आहे.

याआधी मी कुणाला काही लिहून दिलेलं नाही. तोंडी जे दिलं असेल ते रागात किंवा लाडात दिलं, ते धरू नये.

द्वारकाबाई भालचंद्र चुरी
निशाणी डाव्या हाताचा अंगठा

आम्हा दोघांसमक्ष अंगठा केला, आणि आम्ही त्यांच्यासमक्ष सह्या केल्या:
१. ॲन्सेल्म परेरा (वर आलेल्या वाडीचे)
२. विघ्नेश राऊत

ठिकाण: आगाशी, दिनांक ९ फेब्रुवारी २००३

लिहिणारीची नोंद: कागद द्वारकाबाईंना दोनदा वाचून दाखवला. दुसऱ्या वेळी सहाव्या कलमाशी त्यांनी मला थांबवलं आणि सासूबाईंचं नाव पुन्हा म्हणायला लावलं. डोळे मिटून ऐकलं. मग म्हणाल्या, "कानाला बरं नाही वाटत. पण राहू दे."

हिल्डा आलोशियस लोपीस