गुरुपुष्याला बाहेर काढलेली रोपं

गुरुवार संध्याकाळ, डोंबिवली

आईने दिलेलं वांग्याचं बी मी गॅलरीत प्लास्टिकच्या आडोशाखाली रुजवलं होतं. रोपं छान आली होती. शेजारच्या काकू रोज सांगायच्या, "अगं, आधी तासभर ऊन दाखव, मग दोन तास." मी मात्र गुरुपुष्याची वाट बघत एकही हलवलं नाही. आज पूजा करून सगळी एकदम सोसायटीच्या बागेत लावली.

दुपारी पानं कागदासारखी पांढरी. साडीची सावली केली, जप केला. पांढरी ती पांढरीच. चांगला दिवस बघितला, हे चुकलं का माझं?

हे म्हणाले, "दुसरं बी टाक की." आई जाऊन वर्ष झालं; तिच्या हातचं तेवढंच बी उरलं होतं, हे यांना कसं सांगू? दुधाच्या पिशव्यासुद्धा धुऊन ठेवते मी. त्या बियांतला एक दाणा मागे ठेवायचं सुचलं नाही.