इटलीचं प्रकरण

देवनार,
१२ नोव्हेंबर १९८८

प्रिय सगुणा,

तुझं कार्ड मंगळवारी मिळालं. आठ वर्षांत हे तिसरं. तुझी नणंद कमळ मार्चमध्ये बारावीला बसतेय, इतिहासात किती बारकाईने जायचं ते तिला कळत नाही आणि आता तू शिक्षिका झालीस तर तूच सांग, असं तू लिहिलंस. त्याच दिवशी उत्तर लिहायला बसले होते. तीन कागद फाडले. आज शाळेला दुसऱ्या शनिवारची सुट्टी आहे, आई बाजारात गेलीय, घर शांत आहे, तर आता लिहूनच टाकते.

आधी कमळचं. मी घाटकोपरला अकरावी-बारावीला इतिहास शिकवते, दुसरं वर्ष. वर्गात पहिला प्रश्न हाच असतो, बाई, किती डिटेलमध्ये करायचं? माझं उत्तर असं की आधी कारणं, ती एकही सोडायची नाहीत. मग क्रम, म्हणजे काय आधी घडलं आणि त्यामुळे पुढे काय झालं. तारखा आणि नावं त्यानंतर, तीही निवडून. अठराशे सत्तावन्न घे. खालसा झालेली सगळी संस्थानं पाठ करून काही मिळत नाही. सातारा आणि झाशी लिहिलं तरी पुरे, पण ती खालसा का केली आणि त्यामुळे बाकीच्या राजांच्या पोटात भीती का बसली, हे लिहिता आलं पाहिजे. पंधरा मार्कांच्या उत्तराला पंचवीस मिनिटांपेक्षा जास्त वेळ द्यायचा नाही. घड्याळ लावून आठवड्याला दोन उत्तरं लिहायला सांग. वाचून येतं असं वाटतं, लिहायला बसलं की कळतं किती येतं ते.

तुला हे कधी पटायचं नाही. तुला सगळंच हवं असायचं. ट्रॉम्बेला तुमच्या घरामागे तू बोंबील वाळत घालायचीस, मी बाजूला पालथ्या टोपलीवर पुस्तक घेऊन बसायचे. दोन बोंबलांचे जबडे एकमेकांत अडकवून बांबूवर टाकलेस की एक सन, पुढच्या जोडीला दुसरा. बांबू भरेपर्यंत तुझा अख्खा धडा व्हायचा आणि मला एकही चूक सापडायची नाही. तुझी आय चेंबूरच्या बाजारातून पाटी घेऊन यायची आणि म्हणायची, गो पोरी, हे मेलेले राजे तुला जेवाक घालणार हायत का? तू हसून पुढचा सन म्हणायचीस. मला तुझ्यासारखं पाठ होत नसे. मला नेमकं काय सोडायचं ते कळायचं, निदान तू तसं मानायचीस. म्हणून आपलं ठरलं होतं, तू मला पाठ करून घेणार आणि मी तुला सांगणार काय सोडायचं.

तुझे बाबा कसे आहेत? तुळशीदासकाका मला मागच्या महिन्यात बसस्टॉपवर दिसले होते. थकलेत. मला ओळखलं, आमच्या दादांची चौकशी केली, दादा आता डेपोतून रिटायर झाले म्हटल्यावर बरं वाटलं त्यांना. मग स्वतःहून म्हणाले, चंपा, माझी सगुणा पण तुझ्यासारखी मास्तरीण झाली असती, फस्क्लास आला असता तर. मी काहीतरी बोलून समोर आली त्या बसमध्ये चढले. ती देवनारला जाणारी नव्हती.

ते शब्दाचे पक्के होते. पहिला वर्ग आला तर पुढे शीक, नाही आला तर घर बघ, असं त्यांनी अकरावीतच सांगितलं होतं, आणि आला असता तर त्यांनी सगळ्या कोळीवाड्याशी भांडून तुला कॉलेजात पाठवलं असतं. सहाशेपैकी तीनशे साठ लागत होते. तुला तीनशे त्रेपन्न मिळाले. डिसेंबरात तुझं लग्न झालं आणि तू वेसाव्याला गेलीस. हरेश्वरभावोजी चांगले आहेत हे मला माहीत आहे, तू सुखात आहेस हेही. तरी ते सात मार्क माझ्या डोक्यातून गेले नाहीत.

प्रिलिमचा पेपर आठवतो? काशीराम सरांनी तुझं उत्तर वर्गात उभं राहून वाचलं होतं. वंगभंगाचं. वाचून झाल्यावर म्हणाले, असं लिहावं. तोपर्यंत इतिहासात माझाच नंबर पहिला असायचा. सर माझ्याकडे बघतही नव्हते. तू माझा हात दाबलास आणि हळूच म्हणालीस, हे आपल्या दोघींचं आहे. तुझ्या मनात खरंच तसं होतं. माझ्या नव्हतं. मला त्या क्षणी तुझा हात झटकावासा वाटला.

त्यानंतर चार दिवसांनी सर मला स्टाफरूमच्या दारात भेटले. म्हणाले, यंदा इटलीचं एकीकरण नीट करा, बरीच वर्षं आलेलं नाही, आणि सगुणालाही सांग. मी मान हलवली. दुपारी तुमच्याकडे आले. तू विचारलंस, जर्मनी आणि इटली दोन्ही करू की एकच? सगुणा, मी म्हटलं, इटली सोड, गेल्या वर्षीच येऊन गेलंय. तू पुस्तकाला हातही लावला नाहीस. पेन्सिलने त्या धड्यावर फुली मारलीस आणि पुढची जोडी बांबूवर टाकलीस. मी घरी जाऊन इटली दोनदा वाचलं.

बोर्डाच्या पेपरात ते पंधरा मार्कांना होतं, पर्याय न देता. लाल शर्ट घातलेली हजार माणसं घेऊन गॅरिबाल्डी सिसिलीला उतरला, हे मी लिहिलं तेव्हा तू माझ्यापुढे दोन बाकांवर होतीस. तुझा पेन थांबलेला मला दिसत होता. बाहेर आल्यावर तू रडली नाहीस. उलट मलाच म्हणालीस, तुझीपण वाट लागली असेल ना गं, जाऊ दे, तुला तरी काय माहीत. आणि मी हो म्हटलं. त्या ‘हो’बद्दल मला सगळ्यात जास्त लाज वाटते. आधीचं एक वेळ हेव्यात झालं असं म्हणता येईल. तेव्हा मात्र माझा हेवा केव्हाच संपला होता, मला फक्त तू माझ्यावर रागवायला नको होतीस.

निकालानंतर सांगायचं ठरवलं होतं, मग लग्नाआधी, मग बी.ए. झाल्यावर. तुझ्या हळदीला मी तुझ्या शेजारी बसले होते आणि तुझी आय सगळ्यांना सांगत होती, ही चंपा, हिने माझ्या लेकीचा अभ्यास घेतला.

आता हे का लिहिलं ते सांगते. कमळबद्दलचा प्रश्न पोस्टाने आला, त्याचं उत्तर पोस्टाने देऊन मोकळी झाले असते. पण कार्डाच्या कडेला, जागा उरली नाही म्हणून आडवं, तू लिहिलंस, तू सोड म्हणशील ते ती डोळे मिटून सोडेल, मी तिला तसं सांगितलंय. ते वाचल्यावर, हे सांगितल्याशिवाय मला तुला काही सोडायला सांगता येईना. मी पुन्हा चुकीचं सांगेन म्हणून नव्हे, तर कोणाचं ऐकतेय हे तुला माहीत असायला हवं म्हणून. कमळची मात्र यात काही चूक नाही आणि मार्चला चारच महिने राहिलेत. अंधेरीला स्टेशनजवळ कुंदाबाई राहतात, माझ्या बी.एड.च्या मैत्रिणीची मोठी बहीण, माझ्यापेक्षा छान शिकवतात. काल मी त्यांच्याकडे जाऊन आले. पुढच्या रविवारी, वीस तारखेला, सकाळी दहापासून त्या कमळला शिकवतील. त्यांना आपल्याबद्दल काही सांगितलेलं नाही. पत्ता मागच्या बाजूला लिहिलाय. तू माझ्याशी बोललीस, नाही बोललीस, तरी कमळला तिथे पाठव. दहाच्या आधी पोहोचायला सांग, बाई वेळेच्या कडक आहेत.

तुझीच,
चंपा