ताईसाठी एक कुंडी स्वातंत्र्य

३ जून
ताईचा कॅन्सर हाडांत गेलाय. डॉक्टर दबक्या आवाजात म्हणाले, गांजाने आराम पडला असता, पण कायदा आडवा येतो. डोकंच फिरलं! दुखणं ताईचं, शरीर ताईचं, आणि परवानगी सरकारची? ठरलं. लढायचं. आजपासूनच. आज चष्म्याच्या दुकानात नव्या फ्रेम्स लावायच्यात, म्हणून उद्यापासून.

७ जून
ओळखीतून बी मिळवलं. गच्चीवर टाकीमागे कुंडी ठेवली. बायकोने विचारलं, हे काय? म्हटलं, सत्याग्रह. म्हणाली, मग पाणी वेळेवर घाला.
भाऊजींना काही सांगितलं नाही. रिकाम्या रस्त्यावरही लाल सिग्नलला थांबणारा माणूस! स्वतःची बायको, माझी ताई, तळमळतेय आणि हे आपले दूध तापवत बसतात.

१९ जून
रोप आलं! पानं कातरलेली, अगदी फोटोतल्यासारखी.
ताई चक्क दोन घास जास्त जेवली, रात्री झोपलीही. माझ्या बोलण्याचा परिणाम. आजाऱ्याला धीर देणारं कुणीतरी लागतं. भाऊजींना तसं म्हटलं, तर दूध ढवळत नुसते हसले.

२६ जून
दुकानात एक गिऱ्हाईक. बारीक केस, चकचकीत बूट. नजर तपासायची फ्रेम नाकावर चढवली की माणूस हलत नाही, त्यामुळे ताईचं दुखणं, गांजा आणि स्वातंत्र्य यावरचं भाषण पूर्ण ऐकवलं. इतकं मन लावून आजवर कुणी ऐकलं नव्हतं. ताई कुठे राहते, तिच्याजवळ कोण असतं, सगळं आपुलकीने विचारलं. चष्मा न घेताच गेला. नजर उत्तम होती म्हणा.

२७ जून, सकाळ
ताईकडे पोलीस! स्वयंपाकघरातल्या डब्यात गांजा सापडला. भाऊजी रोज दुधात उकळून तिला देत होते. भाऊजी! घेऊन गेले त्यांना. तत्त्वतः माझा पाठिंबाच आहे, पण निदान मला विचारायचं तरी. चुगली कुणी केली देव जाणे. पोलिसांतला एक जण ओळखीचा वाटला. चष्मा न घेतलेला. जग फार लहान आहे.

दुपार
रोप उपटून संडासात टाकलं. लढ्यात माघारही घ्यावी लागते. संडास तुंबला.

२८ जून
प्लंबरने रोप बाहेर काढलं. म्हणाला, साहेब, झेंडू आहे, कुंडीत लावा.

३० जून
भाऊजींच्या जामिनासाठी वकिलाने बोलावलं होतं. नेमकी अंगात कणकण. बायको गेली. जामीन मिळाला नाही. बायको आल्यापासून माझ्याशी बोलत नाही. हिला काय झालं?

२ जुलै
ताई भिंतीकडे तोंड करून कण्हत होती. तीन दिवस पोटात काही नाही. म्हटलं, ताई, उद्यापासून खरा लढा. तिने दूध मागितलं. मी स्वतः तापवलं, साखरही घातली. एक घोट घेतला आणि ग्लास परत दिला. म्हणाली, हे नुसतं दूध आहे रे.
उरलेलं मी प्यायलो.