तालमीतल्या कुस्तीचा फोटो

३ ऑगस्ट १९३४
डोळ्यांचे डॉक्टर आज स्पष्ट बोलले. काचबिंदू. उजवा गेलाच. डावा किती टिकेल ते... पुढे विचारलंच नाही. सौ. बाहेर बाकावर. "काय म्हणाले?" म्हटलं, चष्म्याचा नंबर बदलायचाय.

९ ऑगस्ट
हायस्कुलाचे हेडमास्तर स्टुडिओत. नागपंचमीला पोरांच्या कुस्त्या, पावसामुळे शाळेच्या तालमीतच. शेवटच्या कुस्तीचा फोटो हवा. "चेहरे ओळखू आले पाहिजेत हं." हो म्हणून बसलो. नाही म्हटलं की का ते सांगावं लागणार.

१२ ऑगस्ट
तालीम बघून आलो. खिडकी एकच, उंचावर. अंगाची एक बाजू उजेडात, दुसरी काळीठिक्कर. त्या बाजूने फ्लॅश पावडर उडवून सावली भरून काढायची. आजवर डोळे मिटून केलेलं काम. ड्रिलमास्तरांना मातीत उभं करून कॅमेऱ्याच्या मागच्या काचेत फोकस पाहिला. धुकं. भिंग लावलं, तरी धुकंच.

१५ ऑगस्ट
झालं एकदाचं. पालीच्या कुणब्याचा शिवराम आणि वकिलांचा वसंता. शिवरामने पट काढला, वसंता उचलला गेला, तेवढ्यात पावडर पेटवली. लख्ख उजेड, धूर, टाळ्या. शिवराम जिंकला.
त्याचा बाप खोकत जवळ आला. "फोटूत माज्या पोराचा त्वांड दिसंल ना? आता मंबईला गिरनीत जानार तो. आयशीला घरात लावाया होवा."
म्हटलं, दिसेल.

१६ ऑगस्ट
फोटोची काच धुतली, उजेडाला धरून भिंगातून पाहिली. मागच्या भिंतीवरचा मारुती शेंदराच्या पापुद्र्यांसकट स्वच्छ. पुढची पोरं म्हणजे दोन ढग.
हेडमास्तरांना सांगितलं, पोरं हलली. त्यांनी मानलं. घरी सौ.ने काच खिडकीशी धरली. "पोरं हलली, कबूल. पण त्यांच्या पायाखालची मातीही हलली?"
मग सगळं सांगावं लागलं. रडली नाही. भात उतरवते म्हणून आत गेली ती चुलीपाशीच बसून राहिली. भात करपला.

१८ ऑगस्ट
सौ.ची युक्ती: काचेत बघायचंच नाही. पडवीत कॅमेरा लावला. काचेत ती बघत होती, पोरांच्या जागी ठेवलेला पाट मी पुढेमागे सरकवत होतो. "थांबा. तिथेच." मग कॅमेऱ्यापासून पाटापर्यंत सुंभ ताणून गाठ मारली. म्हणाली, आता कॅमेऱ्याच्या भिंगाला हात लावू नका, गाठीवर पोरं उभी करा.
ती तालमीत आली असती तर प्रश्नच नव्हता. पण लंगोटातली पोरं, आणि हे गाव. बायकोच्या डोळ्यांनी फोटो काढणारा फोटोग्राफर. किती दिवस चालेल हे? आणि मग काय...

२१ ऑगस्ट
हेडमास्तरांची विनवणी करून दोघांना पुन्हा बोलावलं. शिवराम खुशीत. "परत पाडू काय याला?" वसंता फुरंगटलेला, तरी डावात उभा राहिला बिचारा. सुंभ ताणला. पावडर सर्दावलेली, पहिल्यांदा फुसकन विझली. दुसऱ्यांदा भडकली. पोरं हसत होती का, चेहरे वर होते का, काही कळलं नाही. दिसत होती ती फक्त खिडकी.

२२ ऑगस्ट
कागदावर छापून झालं. सौ. शेजारी उभी.
"कसा आलाय?"
"छान."
"शिवरामचे डोळे?"
"दिसतात की."
"आणि माती?"
"अहो, सगळं स्पष्ट आहे."
दारात उजेडाला नेला, डाव्या डोळ्याशी धरला. दोन पांढुरके डाग, मध्ये काळं. परवा काचेत दिसलेला मारुतीही कुठे ते सापडेना. तिने हातातून काढून घेतला, पाकिटात घातला. माझ्याकडे न बघता, असं वाटलं. तेही खात्रीने सांगता येत नाही.
उद्या शिवरामचा बाप येतोय. पाकीट माझ्यासमोरच उघडेल. त्याचा चेहरा मला दिसणार नाही. तो काय बोलेल, तेवढंच.