हायलाइटला नारंगी, शॅडोला टील

५ जानेवारी २०२५, रविवार

आजपासून साधे फोटो बंद.

सकाळी मोबाईलवर व्हिडिओ पाहिला. स्प्लिट-टोनिंग. फोटोतल्या अंधाऱ्या भागाला, म्हणजे शॅडोला, एक रंग द्यायचा. उजेडाच्या भागाला, म्हणजे हायलाइटला, दुसरा. बस. एवढ्यानं साधा फोटो सिनेमासारखा दिसतो. माझी जोडी ठरली. हायलाइटला नारंगी, शॅडोला टील. टील म्हणजे हिरवट निळा. मोरपंखी म्हटलं की सरिताला साडी आठवते, म्हणून टीलच म्हणायचं.

रामदासपेठेतल्या दवाखान्यात इतकी वर्षं एक्स-रे काढून राहिलो. दिवसभर काळं-पांढरं, तेही लोकांची हाडं. या माणसाच्या मनात रंगाची केवढी भूक साचली असेल, याचा कोणी विचार केला नाही. मी आज केला.

पहिला प्रयोग तर्री-पोह्यांवर. तर्री नारंगी होतीच, आणखी केली. बशीखालची सावली टील. फॅमिली ग्रुपवर टाकला. गार्गीनं विचारलं, पप्पा, फिल्टर लावला का. पोरगी दहावीला आहे आणि तिला फिल्टर आणि ग्रेडिंग यातला फरक कळत नाही. फिल्टर कोणीही लावतो. ग्रेडिंगला नजर लागते.

पोहे गार झाले ते झालेच.

संकल्प: रोज सकाळी सहाला उठून कलर व्हीलचा, म्हणजे रंगचक्राचा, अभ्यास.

६ जानेवारी

उठायला सात वाजून गेले. थंडी फार. कलर व्हील गोल असतं, कुठूनही सुरू करता येतं. उद्यापासून.

१५ जानेवारी

काल आमच्याकडे संक्रांतीचं हळदीकुंकू. बिल्डिंगमधल्या सगळ्या बायका काळ्या साड्या नेसून आलेल्या. इतकी शॅडो एका हॉलमध्ये पुन्हा मिळणार नाही, हे मी ओळखलं. सरिताला म्हटलं, फोटो मी काढतो. ती म्हणाली, काढा, पण नुसते काढा.

रात्री जेवायच्या आत ग्रेडिंग करून बिल्डिंगच्या ग्रुपवर टाकले. हॉलभर मोर बसल्यासारखं दिसत होतं.

आज समोरच्या सोनिका वहिनी दारात. म्हणे, भाऊजी, मी संक्रांतीसाठी मुद्दाम काळी साडी घेतली, तुम्ही हिरवी काहून केली. आणि माझा चेहरा असा पिवळा, माहेरून फोन आला, कावीळ झाली का म्हणून. मी त्यांना हायलाइट समजावून सांगितला. त्यांनी ऐकून घेतला आणि ग्रुप सोडला.

नव्या गोष्टीला समाज सुरुवातीला नाव ठेवतोच. आपण थांबायचं नाही.

१९ जानेवारी, रविवार

मोठं काम आलं.

भिवापूरहून मयुराचा फोन. ही सरिताची धाकटी बहीण. पुण्याची नोकरी सोडून वर्षभरापूर्वी घरी परतली, आणि आता वडिलांची मिरची, आमचे सासरे मारोतराव यांची, स्वतःच्या नावाच्या पाकिटात विकणार आहे. इकडे महादेवराव म्हणून मोठे किराणावाले आहेत. नागपुरात त्यांची बरीच दुकानं. फोटो पाहून पसंत पडले तर ते भिवापूरला जाऊन माल बघणार आणि दुकानात ठेवणार. बाबांनी मयुराला होळीपर्यंत मुदत दिली आहे. तोवर गिऱ्हाईक लागलं नाही तर तिनं परत पुण्याला जायचं.

मयुरा म्हणाली, जीजू, कॅमेरा तुमच्याकडेच चांगला आहे. मला फक्त साफ फोटो पाहिजे. लाल ते लाल दिसलं पाहिजे, बाकी काही नको.

मी होकार दिला. साफ फोटो तर तिनं स्वतःही काढले असते. मला बोलावलं, याचा अर्थ तिला आतून काहीतरी वेगळं पाहिजे आहे. नात्यात माणूस स्पष्ट बोलत नाही.

२६ जानेवारी, रविवार

भिवापूरला शूट.

मिरची वाळवायला आणि देठ खुडायला मोकळी जागा असते, तिला तिकडे सातरा म्हणतात. सासऱ्यांच्या सातऱ्यावर जिकडे पाहावं तिकडे लाल. कडेच्या शेडमध्ये बायका तोंडाला पदर बांधून देठ खुडत बसलेल्या. मी पोहोचलो आणि शिंकायला लागलो. फोटोग्राफरनं लोकेशनशी एकरूप व्हावं म्हणतात, तसा झालो.

जवळून टेक्स्चर घ्यायचं म्हणून मिरच्या हातानं रचल्या आणि मग डोळ्यातलं पाणी पुसलं. त्याच हातानं. सासरे लांबून ओरडत आले की जवाईबापू, आधी हात धुवा, मंग डोळ्याले लावा. क्रम उलटा झाला होता.

दह्याची पट्टी बांधून उरलेलं शूट एका डोळ्यानं केलं. नाहीतरी कॅमेऱ्यात एकच डोळा लावायचा असतो. बायकांमध्ये पंचफुलाबाई म्हणून आहेत, त्यांनी विचारलं, दादा, तुम्ही दवाखान्यातच आहे ना कामाले. मी हो म्हटलं. त्या बरं म्हणाल्या.

निघताना सासऱ्यांनी सगळ्यांना सांगितलं की आता आमच्या जवाईनं फोटो काढले, आता काही फिकीर नाही. मला भरून आलं. डोळाही सुजला होता.

२८ जानेवारी

एडिटिंग. वाळलेली मिरची म्हणजे नुसत्या सुरकुत्या, आणि सुरकुती म्हणजे शॅडो. एवढ्या बारीक, एवढ्या खोल शॅडो मी आजपर्यंत पाहिल्या नव्हत्या. प्रत्येकीत टील ओतला. हायलाइटला नारंगी. मिरच्या समुद्राच्या तळाशी पडल्यासारख्या दिसायला लागल्या.

सरिता चहा घेऊन आली आणि उभीच राहिली. म्हणाली, अहो, बाबांची मिरची हिरवी काहून दिसून राहिली. मी म्हटलं, हिरवी नाही, टील. ती म्हणाली, आधी मयुराले दाखवा.

एक डोळा अजून नीट उघडत नाही. तरी काम थांबवलं नाही, याची कुठेतरी नोंद व्हावी.

३० जानेवारी

मयुराला दाखवायचं नाही असं ठरवलं. ती घाबरून टील कमी करायला लावेल. तिच्या मेलमध्ये महादेवरावांचा पत्ता होताच, सरळ त्यांनाच पाठवले. सोबत दोन ओळी: सुरकुत्यांमध्ये दडलेली गोष्ट पहा.

सासऱ्यांनाही एक फोटो पाठवला. त्यांनी लगेच स्टेटसला ठेवला. पारखी माणूस.

१ फेब्रुवारी

महादेवरावांचं उत्तर नाही. चांगलं लक्षण आहे. चांगल्या कामापुढे माणूस आधी गप्प होतो.

३ फेब्रुवारी

अजून गप्प आहेत. फारच परिणाम झालेला दिसतो.

४ फेब्रुवारी

महादेवरावांनी नाही सांगितलं.

फोन मयुराला आला, मयुराचा सरिताला, आणि सरितानं मला भाजी चिरता चिरता, माझ्याकडे न पाहता सांगितलं. ते म्हणाले म्हणे की, पोरी, बुरशी लागलेला माल तू लपवला नाही हे चांगलं केलं, पण असा माल आम्ही ठेवत नाही. मयुराला आधी कळेचना बुरशी कुठून आली. मग तिनं फोटो मागवून पाहिले.

ती माझ्याशी बोलली नाही. मी तीनदा फोन लावला.

हा सरळ सरळ दृश्यसाक्षरतेचा प्रश्न आहे. आपल्याकडे लोकांना रंग बघायला कोणी शिकवतच नाही. मी हे सरिताला म्हटलं. तिनं मिक्सर लावला.

संध्याकाळी

मिक्सर थांबल्यावर तिनं आणखी एक सांगितलं, म्हणून पुन्हा लिहितो. बाबांनी स्टेटसला फोटो ठेवला होता, तेव्हा बाजारातले व्यापारी दिवसभर त्यांना विचारत होते, मारोतराव, माल सडला का. आईनं म्हटलं, काढून टाका तो फोटो. तर बाबा म्हणाले, जवाईनं काढला आहे, कसा काढू. ठेवून दिला तसाच. कोणी विचारलं तर हसून विषय बदलला.

स्टेटस दुसऱ्या दिवशी आपोआप जातो, असं म्हणालो. ती म्हणाली, माहीत आहे.



५ फेब्रुवारी

रात्री विचार केला. चूक टीलची नाही, समजावून न सांगण्याची आहे. मी स्वतः महादेवरावांना भेटणार. त्यांच्या गुडघ्याचा एक्स-रे मागे मीच काढला होता. ओळख आहेच.

मोठ्या साइजमध्ये एक प्रिंट काढून घेतली. कलर व्हीलचीही.

६ फेब्रुवारी

भेट झाली. चर्चा अतिशय सकारात्मक.

महादेवरावांनी बसवलं, चहा मागवला. मी कलर व्हील त्यांच्या टेबलावर पसरलं आणि नारंगीच्या समोर टील का येतो ते सांगितलं. ते शेवटपर्यंत मध्ये बोलले नाहीत. चहा संपल्यावर म्हणाले, फोटो तर मले आवडला, दुर्गेशबाबू. हॉलमध्ये लावावा असा आहे. पण तुमच्या फोटोतली मिरची गिऱ्हाईक भाजीत टाकेल का. मी म्हटलं, तो फोटो आहे, भाजीत कशाला टाकायचा. ते म्हणाले, तेच तर.

मग बराच वेळ गुडघ्याबद्दल बोललो. जिना चढताना दुखतो अजून.

निघताना मी सांगितलं की पोरीचा माल खरंच चांगला आहे, सुरकुत्यांमध्ये मी जे घातलं ते तिचं नाही, माझं आहे. हे वाक्य आधी ठरवलेलं नव्हतं. कसं आलं कोणास ठाऊक. ते म्हणाले, हे आधी सांगितलं असतं तर चहा लवकर संपला असता.

प्रिंट त्यांच्याकडेच राहिली. मागितली नाही मी. ठेवायची असेल त्यांना.

८ फेब्रुवारी

महादेवरावांनी आपणहून मयुराला फोन केला. म्हणाले, जवाई येऊन गेला, आता तू ये, आणि फोटो नको आणू, मिरची आण.

माझ्या भेटीनं दार उघडलं, यात शंका नाही. सरिताला तसं म्हटलं. ती म्हणाली, दार तर आधी उघडंच होतं, तुम्ही लावलं होतं. आज बोलली तरी.

११ फेब्रुवारी

मयुरा स्वतः आली होती. स्टीलच्या ताटात मिरची घेऊन गेली महादेवरावांकडे. त्यांनी एक मोडून हातावर घासली, वास घेतला, खोकले, आणि भिवापूरला येतो म्हणाले. पाकिटासाठी फोटो तिनं आमच्याच बाल्कनीत काढला. भर दुपारचं ऊन, साधा मोबाईल, खाली पांढरा टॉवेल. ग्रेडिंग शून्य.

मिरची लालभडक दिसत होती.

मी म्हटलं, शॅडोमध्ये थोडंसं काही, अगदी दहा टक्के. ती म्हणाली, जीजू. नुसतं एवढंच.

पण जाताना पाया पडली. आणि म्हणाली, महादेवरावांनी सांगितलं मले, तुम्ही काय बोलले ते.

मी बाल्कनीत जाऊन टॉवेल आत घेतला.

२ मार्च, रविवार

ऑर्डर पक्की झाली. शेडमध्ये आणखी बायका घेतल्या. पुण्याचा विषय बाबा आता काढत नाहीत.

आणि माझ्यासाठी बातमी: मयुराचा मेसेज आला की तुमचा एक फोटो आम्ही शेडमध्ये मोठा करून, लॅमिनेट करून लावला आहे. मी दोनदा वाचला. शेवटी कलेला तिची जागा मिळतेच. फोटोखाली नाव टाकलं का, असं विचारलं. तिनं हसरा चेहरा पाठवला.

संकल्प: पुढच्या रविवारी भिवापूरला जाऊन फोटोसोबत फोटो काढायचा. निळा शर्ट. टीलशी जातो.

९ मार्च, रविवार

भिवापूर. निळा शर्ट घातला.

फोटो खरंच लावला आहे. शेडमध्ये शिरताच समोरच्या भिंतीवर, दारापेक्षा मोठा दिसेल असा. शेजारी मयुराचा टॉवेलवरचा फोटो, तेवढाच. तिच्या फोटोवर लिहिलं आहे: ठेवायची. माझ्यावर लिहिलं आहे: फेकायची.

मयुरा म्हणाली, नवीन बायकांना खराब मिरची ओळखायला शिकवावं लागते, जीजू. बुरशी कशी दिसते हे इतकं साफ दाखवणारा फोटो दुसरा कोणता मिळाला नाही. तिच्या बोलण्यात खोचकपणा नव्हता. खरंच उपयोगाचा आहे म्हणाली. मी फोटोपुढे उभा राहिलो. सरितानं मोबाईल काढून माझा फोटो काढला. न सांगता.

सासरे आले, खांद्यावर हात ठेवला आणि म्हणाले, जवाईबापू, तुमच्या फोटोचा मोठा फायदा झाला.

मग ऐकू आलं. कोपऱ्यातली एक बाई शेजारणीला म्हणत होती, हा जवाई आहे वं, तिकडं फेक. दुसरी म्हणाली, आज जवाई लई निघून राहिले. मी वळून पाहिलं तर सगळ्यांनी पदर आणखी वर ओढले. शेडमध्ये खराब मिरचीला आता जवाई म्हणतात. फोटो लागला तेव्हापासून म्हणतात. सरिताला माहीत होतं. ती भिंतीकडे तोंड करून उभी होती आणि तिचे खांदे हलत होते. किती दिवसांनी हसत होती.

परतीची बस दुपारची होती. नुसतं काय बसायचं म्हणून पंचफुलाबाईंच्या शेजारी बसून देठ खुडायला घेतले. आधीच विचारून घेतलं, हात डोळ्याला लावायचे नाहीत. थोडा वेळ बरं चाललं. मग त्या माझ्या हाताकडे पाहून हळूच म्हणाल्या, दादा, राग नका धरू, पण तो जवाई आहे. तिकडं टाका.

टाकला.