काचेची शेगडी आणि वीस लिटर

५ जून २००८, गुरुवार

तीन तास! वीस लिटर पाण्याला नुसत्या घामोळ्या आल्या, उकळी नाही.

रोज बाराशे डिग्रीच्या भट्टीसमोर उभा असतो मी. लोखंडाचे बिलेट, माणसाच्या उंचीचे, तापवून रोलमध्ये सोडतो. आणि घरी एक टोप उकळेना. वा रे भट्टीवाल्या!

दोष शेगडीचा. नवीन फ्लॅट, बिल्डिंगमध्ये सिलिंडरला बंदी, म्हणून काचेची सपाट शेगडी. टोपाचं बूड गोल, ही सपाट – मधे रुपयाएवढं टेकतं. जरा तापली की आपली आपण विझते. आणि धड लाल तर होतच नाही.

"लालभडक झालीय की," रेखा म्हणाली. तिला काय भट्टी माहीत!

६ जून, शुक्रवार

जुलैत अठ्ठावन्न पुरी. मग कंपनी घरी पाठवणार, नाहीतर दोन वर्षं वाढवणार – मेडिकल पास झालो तर. रक्त, कान, डोळे. चिपळूणला जाऊन करू काय? ओट्यावर बसून येणाऱ्याजाणाऱ्याला "काय रे, कधी आलास" विचारू? वाढवायलाच पाहिजेत.

वाढवली की दोस्तांना घरी केलेली बियर पाजायची – इथे आखातात दारूला बंदी. कंपनीच्या क्वालिटी खात्यातल्या गोऱ्याने शिकवलं. जव मी भिजवले, मोड आणले, गच्चीवर वाळवले – इथलं ऊन, अर्ध्या दिवसात खडखडीत. कडू फुलांची पुडी त्याने सुटीवरून आणली. थर्मामीटरपण देत होता. मला! अठ्ठावीस वर्षं नुसता रंग बघून सांगतोय – पिवळं झालं, सोड! कंपनीच्या मीटरकडे बघत नाही मी. परत केला.

"पोलीस आले तर मी शेजारीण," रेखा म्हणाली. तेहेतीस वर्षांच्या संसारानंतर.

१० जून

आंघोळीच्या पाण्याचा रॉड टोपात सोडला. फट्! एसी गेला, फ्रिज गेला, समोरच्यांचा टीव्हीपण गेला. रेखा बोलत नाही. रागाने की उकाड्याने, विचारायची हिंमत नाही.

११ जून

अक्कल आली. गच्चीवरच्या टाकीचं पाणी ह्या दिवसांत नळातून हात भाजेल असं येतं. तेच भरलं! अर्धं काम सूर्याने फुकटात केलं, उरलेलं शेगडीला जमेना. दोन तासांनी पाणी जरासं हललं, जसं काही मी आग्रह केला म्हणून.

१३ जून

डावा तळवा भाजला. बंद समजून शेगडीवर हात टेकला. चालू होती.

"दिसत नाही का तुम्हाला?" – बर्फ लावता लावता.

दिसतं की! काचेतच खोट आहे.

१६ जून

ओवेसकडे गेलो. रत्नागिरीचा, आमच्याच शिफ्टला रोलवर असतो, मला काका म्हणतो. त्याच्याकडे ईदच्या बिर्याणीचा मोठा बर्नर आहे, सिलिंडरसकट.

"न्या ना काका. फक्त कशाला ते सांगू नका."

"अरे, मी जरा –"

"सांगितलंत तर देता येणार नाही."

त्याची बायको रुबिना आतून म्हणाली, "बिर्याणीची डेग पण देऊ का काकांना?"

"डेग नको!" एवढ्या जोरात ओरडला की पोरं खेळायची थांबली.

२० जून, शुक्रवार

उकळी! खरी, गदगदून येणारी! गच्चीवर चाळीस मिनिटांत. फुलं टाकली, कडू वास सुटला. बिल्डिंगचा वॉचमन मजीद नाक वर करत आलाच.

"क्या पकाता है बाबा?"

"काढा. खांसी का."

"बीस लिटर?"

"पुरानी खांसी है."

बिचारा गेला. जाताना म्हणाला, अल्ला आराम दे. मेल्याहून मेल्यासारखं झालं. पण टोप उतरवला नाही.

२३ जून

पावाचं यीस्ट घातलं होतं. पिंप आता बुडबुड करतंय, रेखाने त्याच्यावर माझी जुनी लुंगी टाकलीय – "बघवत नाही."

क्लिनिकमध्ये बीपी तपासायच्या निमित्ताने गेलो. डोळ्यांच्या तक्त्याच्या खालच्या ओळी नीट लागेनात. दिवा मंद असणार. नर्स बाहेर गेल्यावर जवळ जाऊन कागदावर उतरवून घेतला. आठवीत इंग्रजीत नापास झालेला माणूस आता अक्षरं पाठ करतोय. त्या मास्तरांनी बघायला हवं होतं.

२६ जून

मी म्हटलं, पिवळं, सोड. सोडलं. बिलेट थंड होतं. रोलमध्ये अडकलं आणि तापलेला बार बाहेर उसळला, सापासारखा – ओवेसच्या खांद्यावरून पलीकडे पत्र्यावर. वीतभर अंतर.

कोणाला लागलं नाही. रोलवाल्यांवर सगळ्यांत मोठ्याने मी ओरडलो.  ओवेसने खाली बसून हेल्मेट काढलं आणि परत घातलं.

२८ जून

ओवेस बर्नर न्यायला आला. रेखाने चहा दिला, त्याच्या मुलीच्या, मुनिबाच्या शाळेचं विचारलं. जिन्यात मला म्हणाला, "काका, बर्नरचं मी काही विचारलं नाही. हे विचारतो. परवा बिलेटचा रंग कुठला होता?"

"पिवळा."

"लाल होता. मळका लाल. आम्ही सगळ्यांनी बघितला."

"मग बोलला का नाहीस?"

"तुम्ही सोड म्हणालात ना."

मी म्हटलं, यल्ला, जा, उशीर होतोय. सिलिंडर खांद्यावर घेऊन गेला. ज्याच्यावरून बार गेला तोच खांदा.

३० जून

रेखाला शेगडी लावायला सांगितली. उगाच. पाणी न ठेवता.

"लाल झाली?"

"झाली."

"आता?"

"अहो, कधीची झालीय!"

मला चॉकलेटी दिसत होतं. शेगडी दुकानातून आली तेव्हापासून चांगलीच आहे. महिनाभर तिला शिव्या घातल्या मी.

२ जुलै

मेडिकल. अक्षरं फडाफडा म्हटली, शेवटची ओळ तर डॉक्टरने बोट ठेवायच्या आधीच! "एक्सलंट, अंकल!" फिट. दोन वर्षं.

संध्याकाळी पहिली बाटली उघडली. गोरा म्हणालेला आणखी थांब, कोण थांबतोय!

"रंग काय छान आलाय, मधासारखा," रेखा म्हणाली. मला गाळलेला चहा दिसला. चवीला पाव भिजवल्यासारखी. दोघांनी अर्धा अर्धा ग्लास घेतला. तिने परत मागितली. मी माझा ग्लास तिच्यापुढे सरकवला.

५ जुलै, शनिवार

ऑफिसात गेलो. एक्स्टेन्शनच्या कागदावर सही केली नाही. मॅनेजरला सांगितलं, तक्ता पाठ केला होता. तो हसला – म्हणाला, बाबा, मजाक मत करो. मी म्हटलं, साहेब, तुमच्या शर्टाचा रंग सांगू? काळा.

त्याने शर्टाकडे बघितलं. हसायचा थांबला.