परक्यांचा पट्टा

प्लेनो, मंगळवार संध्याकाळ

शेजारच्या रिबेकामावशी अलिबागच्या बेने इस्रायली, म्हणजे मराठी ज्यू. आज त्यांचा प्रिंटर सुरू करून दिला, तर त्यांच्या धर्मग्रंथात यहेज्केल संदेष्ट्यानं सांगितलेल्या देशाच्या वाटणीचा नकाशा छापून निघाला. ज्यूंच्या बारा वंशांना जमिनीचे बारा सारखे पट्टे, आणि परक्यांनाही वाटा, म्हणाल्या. मी तलाठ्याचा मुलगा, तेरावा पट्टा शोधत बसलो.

“वेगळा नाही रे. परका ज्या वंशात राहतो, तिथंच त्याचा वाटा.”

देश गमावून बंदिवासात बसलेल्या त्या संदेष्ट्याला हे सुचलं कसं? ते पट्टे डोळ्यांसमोरून हलत नाहीत.

माझं ग्रीनकार्ड अकरा वर्षं रांगेत आहे. इथंच जन्मलेल्या श्रेयाला नकाशा दाखवला. तिनं विचारलं, “बाबा, विच वन इज अवर्स?”

“आपण राहतो तो,” म्हणालो.